पान लागलं

नवाटोला, ता. लाखनी
३ नोव्हेंबर २०२५

काका,

जय भीम घ्या, राग मागून काढा. मी रुचिता, तुमच्या धर्मेंद्रदादाची पोरगी. सात वर्षांत एक चिठ्ठी नाही अन् काम पडलं तवा काका आठवला, असं म्हणाल. म्हणा. खरंच आहे ते.

मले काम्प्युटर बनवायचा आहे, गेमिंगचा. नागपूरची एक टीम आहे, पाच जणांची, बंदुकीचा गेम खेळते. त्यायची एक जागा रिकामी झाली. लाखनीच्या कॅफेत मी खेळली त्याचे व्हिडिओ पाहून त्यायनं मले ट्रायलले बोलावलं. ३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी दहा ते एक. घरूनच खेळायचं, पण काम्प्युटर सोताचा पायजे अन् तीन घंटे एकदाही बंद पडाले नाही पायजे. बंद पडला की नाव कटलं. बाबा म्हणते, हे जमलं त ठीक, नाही त जानेवारीपासून राइस मिलच्या वजनकाट्यावर बसून पावत्या फाडायच्या, त्यायनं बोलून ठेवलं आहे. काका, त्या काट्यावर मी वाळून जाईन.

पोरायच्या ट्यूशन घेऊन जमवलेले पैसे होते, त्यात माझा मोबाईल विकला, तवा साठ-पासष्ट हजारात बसते. म्हणून फोन नाही करून राहिली. बाबाच्या फोनवरून करावा त तुमचं नाव निघालं तरी ते ताटावरून उठते. ही चिठ्ठी उर्वशी देईल. माझी मैत्रीण आहे, भंडाऱ्याले लॅबमध्ये कामाले आहे, रोज एसटीनं जाणं-येणं करते. पितळी भांड्यायच्या लाइनीमागं तुमचं रिपेरिंगचं दुकान तिनं पाहून ठेवलं.

यादी सोबत आहे. सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड, मंग उरलं त्यात बाकी सामान. कॅबिनेट काचेचं, आत रंगीत लाइट. काही चुकलं असल त सांगा.

तुमची रुचिता


भंडारा
५ नोव्हेंबर

रुचिता बेटा, जय भीम.

पहिली गोष्ट. मले फोन करू नोको, कोणाच्या बी फोनवरून नाही. मी उचलत नाही. काहून ते विचारू नोको. लिहून विचार, लिहून सांगतो.

दुसरी गोष्ट. तुझी यादी मी चहावाल्याले भजे बांधाले देल्ली. एवढं मोठं कार्ड अन् त्याच्यापुढं तो मरतुकडा प्रोसेसर, म्हणजे तलाव भरला अन् पाट बोटभर. पाणी दिसते, वावरात पोचत नाही. मी पाठवतो ते असं.

प्रोसेसर सहा कोरचा, मागच्या पिढीचा. पुरते, अन् तापत नाही. त्याले बसेल तो मदरबोर्ड, मधल्या भावाचा. रॅमच्या दोन काड्या, आठ-आठच्या. सोळाची एकच काडी घेऊन एका पायानं नाचू नोको. ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं. तुझ्या खेळाले सेकंदाले एकशे चव्वेचाळीस चित्र पायजे, ते आरामात देते. हार्ड डिस्क नाही, एसएसडी. कॅबिनेट काचेचं नाही, जाळीचं. तुमच्याकडे आत्ता धानाचं चुरणं सुरू असल, भूस उडते, आठ दिवसांनी जाळी पुसत जा. रंगीत लाइट पायजे असतील त दिवाळीच्या माळा लाव.

अन् एसएमपीएस, म्हणजे घरची लाइट आत घेऊन सगळ्यायले वाटून देणारा डबा. लोक येथीच कंजूषी करते अन् मंग माझ्याकडे जळालेले बोर्ड आणते. साडेपाचशे वॅटचा, चांगला, देतो.

सामान थोडं थोडं करून उर्वशीजवळ देईन. दादाले सांगू नोको कोठून आलं ते. वहिनीले माझा जय भीम सांगशील त हळू सांग.

अश्वजित काका


नवाटोला
१७ नोव्हेंबर

काका,

सगळं बसवलं. तुम्ही आकृती काढून देल्ली होती ती समोर ठेवून, आई टॉर्च घेऊन बाजूले. प्रोसेसरचा खटका दाबला तवा कर्रकन आवाज आला, मले वाटलं गेले पैसे. तुम्ही लिहून ठेवलं होतं का आवाज येते, भिऊ नोको, म्हणून भेली नाही. पहिल्यांदा पडदा उजळला तवा आईनं त्याच्यापुढं हात जोडले.

पण काका, घात झाला आहे. नुसता सुरू ठेवला त दिवसभर चालते. गेम सुरू केला का पाच-दहा मिनिटांत फट्‌कन बंद, अन् आपोआप पुन्हा सुरू. दिवसातून आठ-दहा वेळा. स्वयंपाकघरातला बल्ब बी तवा मंद होते, आई वरडते का तुझा डबा माझी लाइट खाऊन राहिला. कॅफेवाल्यानं सांगितलं कार्ड खराब आहे. खरं आहे का? तेरा दिवस राहिले. बाबा दारातून पाहून जाते, ते पाहणं बोलण्याहून वाईट आहे.

अजून एक. उर्वशी म्हणते, तुम्ही तोंडाले दुपट्टा बांधून बसता अन् तिच्याशी एक शब्द बोलत नाही, मान हलवता बस. तिचा काय गुन्हा? भांडण तुमचं अन् बाबाचं. एखाद्या दिवशी तिच्या फोनवर दोन शब्द बोलून मले समजावून देल्लं त तोंड झिजते का तुमचं? चिठ्ठीनं दोन दिवस जाते माझे.

रागावू नका. जीव टांगणीले लागला आहे म्हणून लिहिलं.

रुचिता


भंडारा
१८ नोव्हेंबर

रुचिता,

दुपट्टा धुळीसाठी आहे. उर्वशीले सांग, राग नाही.

कार्ड खराब नाही. मी येथी दोन दिवस चालवून मंग पाठवलं. कॅफेवाल्याले सांग, खुर्च्या पूस. गेम सुरू झाला का कार्ड अन् प्रोसेसर दोघं एकदम जोर लावते, तवा लाइट जास्त ओढल्या जाते. अन् बल्ब मंद होते म्हणजे तुमच्या घरचं व्होल्टेज त्याच वेळी पडून राहिलं. सामानात खोट नाही, लाइनीत आहे. गावाकडं लाइन कमजोर राहतेच.

यूपीएस पाठवतो, दुकानातला, माझा. काम्प्युटर अन् मॉनिटर त्याच्यावर लाव. व्होल्टेज पडलं का तो सावरून घेईल, टक टक आवाज करेल, करू दे. एक काडी काढून बी पाहून घे, म्हणजे रॅमचा संशय जाईल.

तिसरी पिन तोडू नोको. आपल्याकडं लोक दोन भोकाचा बोर्ड पाहून जाड पिन पक्कडनं तोडून टाकते. ती अर्थिंगची आहे. घरात अर्थिंग आहे का ते पाहून लिही.

तुझ्या मागच्या चिठ्ठीतली एक ओळ मी तीनदा वाचली. असो.

काका


नवाटोला
२४ नोव्हेंबर

काका,

तुमच्या यूपीएसच्या पाया पडली मी. काल सराव केला, पूर्ण चार घंटे, एकदाही बंद नाही. टक टक खूप करते, दर मिनिटाले, पण बंद नाही पडत. नागपूरवाल्यायनं बी पाहिलं, म्हणाले असंच खेळली त जागा तुझीच समज. काका, मले रडू आलं. जाळीचं कॅबिनेट बी आता आवडाले लागलं.

अर्थिंगचं बाबाले विचारलं. ते म्हणाले, आहे म्हणजे असलच कुठीतरी, अन् गेले बैल धुवाले.

बाकी घरचं काही खास नाही. धान चुरून झालं. दिवाळीनंतर धानाच्या तणसाचा ट्रॅक्टर गेला ना, तणस एवढं उंच भरलं होतं का खांबावरून घरी येणाऱ्या वायरले अडकलं. एक तार तवापासून लोंबून राहिली. लाइट सुरू आहे म्हणून कोणी पाहत नाही. आईच्या हाताले मुंग्या येते. दुसऱ्या कशानं नाही, बोरिंगच्या पंपाचा दांडा धरला का येते, डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या देल्ल्या. अन् काल आपल्या शेळीचं पिल्लू मेलं, बोरिंगजवळच्या चिखलात. सकाळी उड्या मारत होतं. शेजारचे टिकारामकाका म्हणाले पान लागलं. तुम्हाले माहीत आहे, आई सापाचं नाव घरात घेऊ देत नाही, ती बी पान लागलं म्हणूनच रडली. दात कुठी लागले ते मात्र दिसलं नाही.

उर्वशी तीन दिवस सुट्टीवर आहे, ही चिठ्ठी उशिरा भेटेल. चालते, आता घाई नाही. ३० तारखेले मले आशीर्वाद द्या, लांबूनच का होईना.

रुचिता


भंडारा
२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रुचिता,

पान नाही लागलं. करंट लागला.

तुझी चिठ्ठी आज सकाळी भेटली. उर्वशी आज संध्याकाळी हे देईल, हातात पडल्याबरोबर वाच अन् वाचून होताच काम्प्युटर बंद कर.

समजावून सांगतो. घरात लाइट दोन तारांनी येते. एकीनं येते, दुसरीनं परत जाते. परत जाणारी तार म्हणजे न्यूट्रल. तुझ्या दहावीच्या परीक्षेच्या वेळी आपल्या घरचा न्यूट्रल तुटला होता. लाइनमन आठ दिवस आला नाही. तू कंदिलाजवळ बसून रडत होतीस. तवा मी, लायसनवाला वायरमन, एक काळी तार घेतली अन् घरचा न्यूट्रल बोरिंगच्या लोखंडी पायपाले बांधला. पायप खाली पाण्यापर्यंत जाते, लाइट जमिनीत जाते, बल्ब पेटते. गावोगावी लोक असं करते. करू नये हे मले माहीत होतं. पेपर झाले का काढीन म्हणलं होतं. त्याच्या आधीच दादाचं अन् माझं वाजलं अन् मी घर सोडलं. मंग लाइनमन येऊन खांबावरचा न्यूट्रल जोडून गेला असल, म्हणून सात वर्ष काही समजलं नाही. पण माझी तार तेथीच राहिली.

आता ट्रॅक्टरनं ती खांबावरची तार तोडली. म्हणजे घरातली सगळी लाइट माझ्या तारेनं बोरिंगमध्ये उतरून राहिली. दोन बल्ब होते तवा वहिनीले मुंग्या आल्या. तू चार घंटे तो काम्प्युटर चालवला, तवा पिल्लू गेलं. अन् मी तुले यूपीएस देऊन त्याले बंद बी पडू देल्लं नाही. बंद पडत होता तेच बरं होतं.

काय करायचं ते ऐक. मेन बंद. बोरिंगले कोणीही हात लावायचा नाही, ओल्या जागी पाय बी नाही. तारेले तू हात लावू नोको. दादाले सांग, लाइनमन बोलव म्हणा. माझं नाव घ्यावं लागलं त घे.

तू विचारशील, काका, तुम्हीच या ना. दादानं चावडीसमोर म्हणलं होतं, तंबाखूचा खर्रा सोडशील तवाच या घरले तोंड दाखव. मले तोंड दाखवता येत नाही, रुचिता. एवढंच समज. माझ्याऐवजी तू सांग.

काका


नवाटोला
२९ नोव्हेंबर, शनिवार सकाळ

काका,

चिठ्ठी काल वाचली. पण ऐकून घ्या.

लाइनमनले उर्वशीच्या फोनवरून विचारलं, तो सोमवारी येतो म्हणते. मेन बंद ठेवला त उद्याची ट्रायल गेली. बाबाले सांगितलं त ते आजच सगळं तोडून टाकतील अन् वरून विचारतील हे तुले कोणी सांगितलं. टिकारामकाकाच्या घरून वायर ओढावी त बी तोच प्रश्न. आज मी काम्प्युटर लावणार नाही, शपथ. उद्या दहा ते एक, तीन घंटे बस. तेवढा वेळ बोरिंगवर कोणी जाणार नाही ह्याची तजवीज मी केली आहे. सकाळीच सगळं पाणी भरून ठेवीन. एक वाजला का मेन बंद, अन् बाबाले मीच सांगीन.

तीन घंट्यांत काय होते, काका. मले काट्यावर नाही बसायचं.

रुचिता


लाखनी बस स्टँड
३० नोव्हेंबर, सकाळचे नऊ

दादा,

आधी उठ. मेन स्विच बंद कर. मंग पुढं वाच.

बंद केलं असशील त ऐक. बोरिंगच्या पायपाले, मागच्या बाजूनं, खाली चिखलाजवळ एक काळी तार बांधली आहे. ती मी बांधली होती, रुचिताच्या दहावीच्या वेळी. तिच्यातून करंट येऊन राहिला. पिल्लू त्यानंच मेलं. वहिनीच्या मुंग्या त्याच्याच. पोरीची चूक नाही, माझी आहे.

हे तोंडानं सांगता आलं असतं त काल रात्रीच सांगून मोकळा झालो असतो. मी काल नागपूरले तपासणीले गेलो होतो, संध्याकाळी आलो तवा शटरखाली रुचिताची चिठ्ठी भेटली. तुझ्या फोनवर तीनदा जो फोन आला, नुसता घर्र घर्र, तो मी होतो. तुझं नाव घेत होतो. तू शिव्या देऊन ठेवून देल्ला. बाजूच्या भांड्याच्या दुकानातल्या श्रावणभाऊले बोलाले लावलं तवा तुझा फोन बंद. शेवटची गाडी निघून गेली होती.

दोन वर्षांआधी माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. खर्‍यानं जबडा खाल्ला. उजवी बाजू काढली, जीभ अर्धी काढली. मी बोलतो ते मलेच समजत नाही. खर्रा सुटला, पण तू म्हणलं होतं ते तोंड राहिलं नाही, म्हणून आलो नाही.

आज पहिल्या गाडीनं आठ वाजताच येथी उतरलो. एक घंटा बाकावर बसून आहो. आता ऑटो पाहतो. हा कागद तुझ्या हातात देऊन दारातच उभा राहीन. आत बोलवावं नाही वाटलं त बोलावू नोको, पण पहिली ओळ कर.

अश्वजित


नवाटोला
३ डिसेंबर

काका,

तुम्ही फाटकात आले तवा जे दिसलं ते दिसलं. त्याच्या आधीचं मी घरात कोणाले सांगितलं नाही. तुम्हाले सांगते, नाही त मले जेवण जात नाही.

तजवीज केली असं मी लिहिलं होतं ना. ती अशी होती. शनिवारी मी आईले म्हणलं, आई, बोरिंगजवळ पान दिसलं, मोठं आहे, तिकडं जाऊ नोको. पिल्लू मेलं होतंच, तिले लगेच खरं वाटलं. मले वाटलं भीतीनं कोणी फिरकणार नाही. मी ह्या गावात जन्मली अन् एवढं बी मले समजलं नाही का साप दिसला म्हणलं त लोक पळत नाही, काठ्या घेऊन येते. आईनं बाबाले सांगितलं, बाबानं टिकारामकाकाले, त्यायनं सगळ्या टोल्याले.

अकरा वाजता माझ्या कानात हेडफोन होते. आमची टीम पुढं होती. मी त्या दिवशी जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती, काका, हे बी खरं आहे. खिडकीतून दिसलं, घरामागच्या सांदवाडीत सहा-सात माणसं, टिकारामकाका लोखंडी सबलीनं बोरिंगजवळचं बीळ खोदून राहिले. कोणीतरी म्हणलं, पाणी ओता बिळात, आपोआप बाहेर येते. बाबानं बादली उचलली. पायात काही नव्हतं. चिखलात उभे राहून बोरिंगकडं वळले.

पूर्ण टोल्यात मले एकटीले माहीत होतं. अन् पडद्यावर डाव संपाले दोन मिनिटं दाखवत होते. मी त्या दोन मिनिटांकडं पाहिलं. लिहायची लाज वाटते, पण पाहिलं.

बाबा वरडले नाही. दांडा धरला अन् नुसते उभे राहिले. बादली पडली. टिकारामकाकाले वाटलं साप दिसला म्हणून थांबले. मी हेडफोनसकट उठली, वायर तुटली असल, भिंतीवरचा मेन खाली ओढला. तवा ते खाली बसले, चिखलातच, अन् हाताकडं पाहत राहिले. तुमच्या यूपीएसवर काम्प्युटर सुरूच होता, पण इंटरनेटच्या फायबरचा डबा बंद पडला. पडद्यावर माझा खेळाडू मैदानाच्या मधोमध उभा होता अन् त्याले सगळे गोळ्या मारून राहिले होते. यूपीएस टक टक करत होता. दोन मिनिटांनी तुम्ही आले, ऑटो भेटला नाही म्हणून पायी चालत.

बाबानं तुमचा कागद चिखलाच्या हातानं घेतला. पहिली ओळ वाचून म्हणाले, बंद आहे. मंग तुम्ही दुपट्टा सोडला. काका, तोंड झिजते का तुमचं, असं मी तुम्हाले लिहिलं होतं. अन् तुम्ही ती ओळ तीनदा वाचली म्हणून लिहिलं, तरी मले समजलं नाही. मले माफ करा असं म्हणायची बी माझी लायकी नाही, पण करा.

नागपूरवाल्यायनं विचारलं, लाइट गेली होती का? हो म्हणलं असतं त पुन्हा संधी भेटली असती, लाइट गेलेल्यायले ते देते. मी लिहिलं, गेली नाही, मी बंद केली, अन् काहून केली ते बी सगळं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं का जागा भरली. मार्चमध्ये पुन्हा विचारू म्हणते. विचारतील का नाही, देव जाणे.

लाइनमन सोमवारी येऊन न्यूट्रल जोडून गेला. तुम्ही कागदावर लिहून देल्लं होतं तसा बाबानं अर्थिंगचा खड्डा खणला, कोळसा अन् मीठ भरून. डॉक्टरनं हात दाखवाले बोलावलं होतं, गेले नाही, खड्डाच खणत बसले. शुक्रवारची तुमची चिठ्ठी माझ्याजवळ आहे हे त्यायले मी अजून सांगितलं नाही. आज ह्या चिठ्ठीआधी सांगणार होती. आता ही बंद केली का सांगते.

रुचिता


नवाटोला
८ डिसेंबर २०२५

अश्वजित,

जय भीम. बोटं अजून बधिर आहे, म्हणून अक्षर वाकडं. वाचून घे.

पोरीनं सगळं सांगितलं. चिठ्ठ्या बी दाखवल्या, तुझ्या अन् तिच्या. तिले मी काही बोललो नाही. शनिवारी फोन माझ्या हातात होता अन् मी शिव्या देल्ल्या, मी कोणत्या तोंडानं बोलू? राइस मिलवाल्याले मी सांगून देल्लं का रुचिता जानेवारीत येत नाही, मार्चपर्यंत थांब. मार्चनंतर पाहू.

तू लिहिलं का तार तू बांधली, चूक तुझी. एवढं खोटं लिहू नये. तू बोरिंगजवळ वाकला होतास अन् पाना मागत होतास, तो पाना तुले मीच देल्ला. मी म्हणलो होतो, कसून बांध, पोरीचा पेपर आहे. मंग तू गेल्यावर मी ती तार रोज पाहत होतो. पाय धुताना पाहत होतो. तू बांधलेली म्हणून काढली नाही. बाकी काही राहिलं नव्हतं घरात तुझं.

परवा सहा डिसेंबरले विहारात सगळे विचारत होते, अश्वजित आला होता म्हणे, काही बोलला नाही म्हणे. मी म्हणलं, तो लिहिते.

खड्ड्यात रोज एक बादली पाणी घालतो, तू सांगितल्यासारखं. तुझी वहिनी मंगला बोरिंगवर अजून चप्पल घालून जाते. पोरगी म्हणते काम्प्युटरची जाळी पुसायची आहे, काकाच पुसतील. तिले म्हणलं, तू पूस, पण मले समजलं तिले काय म्हणायचं आहे ते.

चावडीसमोर मी तुले तोंड दाखवू नोको म्हणलो होतो. चावडीसमोरच सांगतो, टिकारामले बी हे वाचून दाखवलं. रविवारी दुकान बंद राहते ना तुझं. दर रविवारी पहिल्या गाडीनं येत जा. स्टँडवर बसू नोको, मी सायकल घेऊन उभा राहीन. दुपट्टा बांधू नोको. तोंड दाखवत जा.

धर्मेंद्र